बेडशाचा पोपट

सव्वीस वर्षं मी लोणावळ्यात लोकांना पॉइंट दाखवतोय, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मी स्वतः कधी बघितलेलं नाही. हसा. स्टँडवर कुणालाही विचारा, तोही हेच सांगेल. ड्रायव्हरचं काम गाडीपाशी. पाहुणे कार्ल्याच्या पायऱ्या चढायला लागले की आपण मागं फिरायचं, गाडी सावलीला लावायची आणि बसायचं. गाडी सोडून गेलात तर माकडं वायपरचं रबर ओढून नेतात, नाहीतर पार्किंगवाला बोंबलत येतो, "ही इको गाडी कुणाची? काढा, काढा!" म्हणून मी कार्ल्याला हजार वेळा गेलो असेन, पण लेणी बघितली नाहीत. भाज्याला गेलो, लोहगडाला गेलो, सगळीकडे पार्किंगपर्यंत.

पण सांगावं तर लागतं. पाहुणा गाडीत बसला की पहिला प्रश्न, "अंकल, वर काय आहे?" आता मी काय म्हणू, मला माहीत नाही? वरून खाली आलेले लोक घाम पुसत काहीबाही बोलत असतात, ते ऐकून ऐकून माझ्याकडं सगळा माल जमा झाला. एकानं सांगितलं मोठा हॉल आहे, दुसऱ्यानं सांगितलं छताला लाकडाच्या कमानी आहेत, तिसऱ्यानं सांगितलं हत्ती आहेत. जिथं कमी पडेल तिथं पदरचं घालायचं. पाहुणे खूश, मीही खूश.

चूक झाली ती ही की मी घरी बायकोलाही हेच केलं.

खुर्शीदा सुदुंबऱ्याची. लग्न करून इथं भांगरवाडीत आली तेव्हा तिनं लोणावळा बघितलेलाच नव्हता. मी संध्याकाळी घरी आलो की पाण्याचा तांब्या पुढं करून विचारायची, "आज कुठं?" मी सांगायचो. आज भाजे, आज राजमाची, आज बेडसे. ती मांडी घालून समोर बसायची आणि हनुवटीवर हात ठेवून ऐकायची. असं ऐकणारं माणूस समोर असलं की माणूस वाहवत जातो हो. बेडशाचं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, तिकडं पाहुणे कमीच जातात. पण त्या दिवशी तिनं हिरवी ओढणी घेतली होती, मला सुचलं ते बोललो. म्हटलं, "वर उंच खांब आहेत. खांबाच्या टोकाला घोड्यावर बसलेली एक बाई आहे, तिच्या हातावर पोपट आहे. नाक अगदी तुझ्यासारखं."

"बाईचं की पोपटाचं?"

"बाईचं. आणि पोपट हिरवा आहे."

ती हसायला लागली. "दगडाचा पोपट हिरवा कसा असेल हो?"

"जुन्या लोकांचे रंग पक्के असायचे," मी म्हटलं. "दोन हजार वर्षं झाली, अजून हिरवाच आहे."

तिनं विश्वास ठेवला की नाही, देव जाणे. पण पोपट घरात राहिला. अम्मारा झाली तेव्हा तिला झोपवताना पोपटाची गोष्ट. शाहबाज झाला, पुन्हा पोपट. भाजी चिरता चिरता मध्येच म्हणायची, "एकदा मला तो पोपट दाखवा हं." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. आता तुम्हीच सांगा, पावसाळ्यातला रविवार हा ड्रायव्हरनं बायकोला फिरवायचा दिवस आहे का? आणि उन्हाळ्यात दगड तापतात. असं करत करत सव्वीस वर्षं गेली. मी नालायक आहे, हे मीच म्हणतो, तुम्ही म्हणायची गरज नाही.

तिला साखर होतीच. गेल्या वर्षी उजव्या डोळ्यापुढं काळे ठिपके यायला लागले. पुण्याला दाखवलं, लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. तरी उजवा गेला. या जूनमध्ये डॉक्टरांनी डावा तपासला, बराच वेळ तपासला, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पडद्याची सूज उतरत नाहीये. प्रयत्न करतोय आपण. पण खात्री देत नाही." मी चिडलो. माझं डोकं तापट आहे. म्हटलं, खात्री देत नाही म्हणजे काय? तुम्ही डॉक्टर आहात ना? खुर्शीदानं माझी बाही ओढली आणि मला बाहेर आणलं.

एक्स्प्रेसवेवर ती एवढंच म्हणाली, "अम्माराचे अब्बा, मला तुमचे पॉइंट दाखवा. सगळे नको. चार दाखवा. शेवटी बेडसे."

मी म्हटलं, उद्यापासून सुरू. आणि त्या दिवसापासून जे मागं लागलं, ते काय सांगू.

पहिला टायगर पॉइंट. सकाळी लवकर निघालो म्हणजे गर्दी नको. वर पोचलो तर धुकं. धुकं म्हणजे किती, तर मला माझ्याच गाडीचं बॉनेट दिसेना. दोन तास थांबलो. चहा घेतला, कांदाभजी घेतली. मी दर पाच मिनिटांनी कठड्यापाशी जाऊन यायचो. "आता उघडेल, थांब." काही उघडलं नाही. मी आभाळाला शिव्या घातल्या, भजीवाला हसायला लागला. खुर्शीदा कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "मला आवडलं. पांढरं पांढरं छान वाटतंय." मला वाटलं, माझं मन राखतेय.

दुसरा भुशी डॅम. पाणी फार वाढलं म्हणून पोलिसांनी अलीकडेच रस्ता अडवलेला. मी उतरून हवालदाराशी भांडलो. म्हटलं, साहेब, आम्हाला पाण्यात उतरायचं नाही, नुसतं बघायचंय, हिच्या डोळ्यांचा प्रॉब्लेम आहे. तो म्हणाला, "काका, प्रत्येकाचं काहीतरी असतंच. मागं घ्या." त्याचंही खरं होतं, पण त्या वेळी मला त्याचा गळा धरावासा वाटला. गाडीत येऊन बसलो तर ही म्हणते, "आवाज आला ना पाण्याचा. झालं की." मी म्हटलं, आवाज ऐकायला आलो होतो का आपण?

तिसरं कार्ला. एकवीरा आईच्या दर्शनाला त्या दिवशी कुठून कुठून गाड्या आलेल्या, ताशा वाजतोय, पायऱ्यांवर मुंगीला वाट नाही. अर्ध्यावर गेलो आणि एका पोराचा धक्का लागून ही पडता पडता वाचली. माझ्या हाताला तिची नखं रुतली. "खाली चला," म्हणाली. मी म्हटलं, अगं थोडंच राहिलंय. "खाली चला," पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की मी मुकाट्यानं वळलो.

म्हणजे तीन पॉइंट झाले आणि दिसलं काय, तर काहीच नाही. इतरांना फिरवताना कधी असं झालं नाही हो. हिच्या वेळीच धुकं, हिच्या वेळीच पोलीस. मी घरी येऊन चपला फेकल्या.

त्याच आठवड्यात अम्माराचा फोन आला. ती आंबीला कंपनीत असते, तळेगावात राहते, दर सोमवारी येऊन जाते. म्हणाली, "अब्बा, एक विचारू? अम्मी परवा चहा कपाच्या बाहेर ओतत होती. तुमचं लक्ष आहे ना?"

"हात थरथरतो तिचा," मी म्हटलं.

"हात नाही थरथरत, अब्बा. तिनं माझा ड्रेस चाचपून विचारलं, नवीन घेतलास का म्हणून. तो तिनंच मला दिलाय."

"तू तिकडं बसून मला शिकवू नकोस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला म्हातारीसारखा सल्ला देणारी पोर आवडत नाही. खरं म्हणजे मला घाम फुटला होता. पण मी स्वतःला समजावलं, कमी दिसत असेल, डॉक्टर म्हणालेच होते कमी दिसेल. म्हणून तर घाई करायची.

राहिलं बेडसे. आणि बेडशाचं मला वेगळंच टेन्शन. तिकडचा पोपट मी मनानंच रचलेला, हे मला ठाऊक होतं. सव्वीस वर्षांचं खोटं आता वर जाऊन उघडं पडणार. ती म्हणेल, कुठाय पोपट? मी काय सांगू, उडाला?

भाद्रपदाच्या शेवटी पावसानं उघडीप दिली. बुधवार होता, स्टँड रिकामा. स्वच्छ ऊन. कामशेतवरून आत वळलो आणि बेडशाच्या पायथ्याला गाडी लावली. धुकं नाही, पोलीस नाही, माणूस नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी बयाबाई बसलेली. बयाबाई वरच्या वाडीतली, ताकाचा हंडा आणि काकड्या घेऊन बसते. माझी जुनी ओळख. कधीमधी पाहुणे घेऊन आलो की तिच्याशीच गप्पा मारत वेळ काढतो.

खुर्शीदा गाडीत चपला घालत होती तेवढ्यात मी बयाबाईला हळूच विचारलं, "मावशी, वर खांबावर पोपट आहे का गं?"

"पोपट?" ती मोठ्यानं म्हणाली. मी तोंडावर बोट ठेवलं. "घोडं हाईत, हत्ती हाईत, बैल हाईत. त्यावर बाया-बाप्ये बसल्यात. पोपट न्हाई बा. लहानपणापासनं बगतीया, पोपट कुटनं आनला तुमी?"

"मी सांगितलंय हिला की आहे."

"कदी?"

"लग्न झालं तेव्हा."

बयाबाई पदर तोंडाला लावून हसली. "मंग आता भोगा, भाऊ. मी काय बोलत न्हाई."

आम्ही चढायला लागलो. चारशे पायऱ्या आहेत म्हणतात, मी पहिल्यांदाच मोजत होतो. खुर्शीदानं माझी बाही धरलेली. प्रत्येक पायरीवर आधी पाऊल पुढं फिरवून बघायची, मग टेकवायची. मला वाटलं गुडघे. दर वीस पायऱ्यांना थांबायचो. बाजूला डोंगरावरून बारीक धबधबा पडत होता. तो वळणाआड होता, मला अजून दिसला नव्हता, तोवरच ही म्हणाली, "किती छान पाणी आहे." वळलो तर खरंच पाणी होतं. मी म्हटलं, बघ, उगाच अम्मारा घाबरवते. हिची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. एवढा मी मूर्ख.

मनात सारखं पोपटाचं चाललेलं. एक विचार आला, खरं सांगून टाकावं इथंच. "खुर्शीदा, एक सांगायचंय," म्हणालोसुद्धा.

"वर गेल्यावर सांगा," ती म्हणाली. धापा टाकत होती, पण चेहरा असा फुललेला की मी तो कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. "आधी मला पोपट बघू दे."

वर पोचलो. लेण्याचं तोंड बाहेरून दिसत नाही, कातळात चिरलेल्या अरुंद वाटेतून आत जावं लागतं. ओला दगड, थंडगार. त्या वाटेतून आत गेलो आणि मी उभाच राहिलो. सव्वीस वर्षं मी या डोंगराच्या पायथ्याशी ताक पीत बसलो होतो आणि वर हे होतं. खांब असे उंच की मान मागं टाकावी लागते. खाली दगडाचे कलश, त्यातून खांब निघालेले. टोकाला घोडे आणि हत्ती बसलेले, त्यांच्यावर जोड्या, बाई आणि बाप्या. बायांच्या हातात मनगटापासून वर गच्च कडी. सकाळचं ऊन थेट आत येत होतं, घोड्याच्या आयाळीचा केस न् केस वेगळा दिसत होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं, अरे अब्दुल, हे तुला फुकट होतं. नुसतं चढायचं होतं.

आणि पोपट नव्हता. मी चारी खांब नीट बघितले. कुठं काही पोपटासारखं दिसतंय का, एखादा तुटका हात, एखादी चीर. काही नाही. सगळा एकसारखा काळा-करडा दगड, रंगाचा टिपूससुद्धा नाही.

मी खुर्शीदाकडं वळलो. आता कबूल करायचं म्हणून तोंड उघडलं.

ती खांबांकडं बघत नव्हती. त्यांच्या उजवीकडं भिंत आहे, तिकडं तोंड करून उभी होती, मान वर केलेली, ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर पडलेलं. त्या उन्हात माझे डोळे मिटत होते. तिचे उघडे होते, पापणीसुद्धा हलत नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "तो बघा."

"काय?"

"पोपट." तिनं बोट वर केलं. भिंतीवरच्या मोकळ्या कातळाकडं. "तुम्ही म्हणाला होतात ते खरं आहे हो. अजून हिरवाच आहे."

मी तिचं बोट बघत राहिलो. मग मला एकदम सगळं कळलं. टायगर पॉइंटचं पांढरं पांढरं. भुशीचा आवाज. कार्ल्याला रुतलेली नखं. वळणाआडचं पाणी. मी धुक्याला शिव्या घालत होतो, हवालदाराशी भांडत होतो, आणि तिला त्यांचं काही देणंघेणंच नव्हतं. धुकं होतं म्हणून तिला बरं वाटलं होतं, कारण तिथं कुणालाच काही दिसत नव्हतं. डावा डोळा कधीच गेला होता. किती दिवस झाले? जून? त्या दिवशी एक्स्प्रेसवेवर मला "दाखवा" म्हणाली तेव्हाच? मला विचारता येईना. मला धरायला काही नव्हतं, कुणाशी भांडावं असं कुणी नव्हतं. मी तापट माणूस, पण कुणावर तापायचं?

"दिसतोय ना तुम्हाला?" ती म्हणाली. आवाजात भीती होती.

"हो," मी म्हटलं. "हिरवाच आहे."

"नाक माझ्यासारखं आहे का?"

"अगदी तुझं."

तिनं सुस्कारा सोडला आणि हात खाली घेतला. "मला वाटायचं तुम्ही मला बनवताय. सव्वीस वर्षं वाटायचं."

मी तिचा हात धरला आणि खांबाच्या खालच्या कलशापर्यंत नेला. दगडावर टेकवला. ती दोन्ही हातांनी त्या कलशावरून हात फिरवत राहिली, वरून खाली, परत वरून खाली. तिला काही कळू नये म्हणून मी तोंडानं बडबडत होतो, इकडं हत्ती आहे, तिकडं बैल आहे, बायकांच्या हातात कडी आहेत बघ. मी काय बोललो ते मला आठवत नाही. नाक वाहत होतं, ते मी बाहीला पुसलं.

उतरताना मी तिच्या पुढं एक पायरी उलटा उतरलो, तिचे दोन्ही हात धरून. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, इथं कुणी नाहीये.

खाली बयाबाई वाट बघत होती. माझ्याकडं बघून तिनं डोळा मिचकावला, आता गंमत ऐकायची म्हणून. "काय गं बाई, काय काय पायलंस वर?"

"सगळं," खुर्शीदा म्हणाली. "घोडे, हत्ती. पोपटसुद्धा."

बयाबाईचं हसू तिथंच थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग खुर्शीदाच्या डोळ्यांकडं बघितलं, जवळ येऊन, नीट. मी मान फिरवली. बयाबाईनं ताकाचा पेला भरला, खुर्शीदाचा हात आपल्या हातात घेतला, पेला तिच्या तळव्यावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटवली.

"थंड हाय. हळू पी, लेकी," म्हणाली.

खुर्शीदाचा चेहरा त्या वेळी बदलला. तिला कळलं की बयाबाईला कळलंय. मला कळलंय हे तिला तेव्हाच कळलं की नाही, ते मला अजून माहीत नाही. तिनं ताक संपवलं, पदरानं ओठ पुसले, आणि मी तिला गाडीत बसवलं.

गाडी सुरू केली. गावाबाहेर आलो तरी मी गप्प. इतकी वर्षं गाडीत माझं तोंड कधी बंद नसतं. पवना धरणाकडून वारा येत होता. तिनं काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून बसली.

"गप्प का?" ती म्हणाली. "पाहुण्यांना सांगता ना, डावीकडं हे, उजवीकडं ते. मला सांगा की."

"काय सांगू?"

"डावीकडं काय आहे?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, काचेच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "आणि खरं सांगा हं आता. आता मला पडताळून बघता यायचं नाही."

मी गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसलो. पोपटाचं सांगायला तोंड उघडलं. ती डोळे मिटून, हनुवटीवर हात ठेवून वाट बघत होती, लग्न झालं तेव्हा बसायची तशी.

मी डावीकडं बघितलं. भाताची खाचरं होती, ओंब्या नुकत्याच बाहेर पडत होत्या. बांधावर एक बगळा एका पायावर उभा होता. लांब डोंगराला अजून पाण्याची एक रेघ राहिली होती. मी तिला खाचर सांगितलं, ओंब्या सांगितल्या. बगळा पांढरा आहे असं सांगितलं.

"खरं?" ती म्हणाली.

"खरं."

पोपटाचं मी काही सांगितलं नाही.